वेगळ्या गंजातलं वरण

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शुगर निघाली तेव्हा दवाखान्यातून गोळ्यांसोबत आहाराचा एक छापील कागद मिळाला. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी दोन फुलके आणि सॅलड, रात्री सूप. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या गाजराचं चित्र. आईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हे सूप आपल्या वावरात कोन्त्या हंगामात येते व?"

त्यांना थट्टा करायची नव्हती. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या खेड्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. भाकर, चून (म्हणजे पिठलं), अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, जवसाची चटणी, सणावाराला पुरणपोळी, असं त्यांचं जेवण. यातलं एकही नाव कागदावर नव्हतं. त्यामुळे यातलं काय खायचं, किती खायचं आणि काय सोडायचं, याबद्दल कागदाचं काहीच म्हणणं नव्हतं. आणि त्यात घरातली बाकीची माणसंही नव्हती. जणू आई एकट्याच जेवतात, स्वतःपुरतंच रांधतात आणि बाजारही स्वतःपुरताच आणतात.

पथ्य सुरू झालं की बहुतेक घरांत आधी एक वेगळा गंज चुलीवर चढतो. (गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी लोखंडाला चढणारा समजू नये.) आमच्याकडेही चढला. त्यात आईंचं बिनतेलाचं, बिनफोडणीचं वरण, बाजूला कारल्याची कडू भाजी. बाकीच्यांसाठी नेहमीचा स्वयंपाक, नेहमीची तर्री. आई मुकाट्यानं ते वरण खायच्या. पण आमच्या घरात तेव्हा बाया शेवटी जेवायच्या, अजूनही गावात बहुतेक घरी तसंच आहे. सगळे उठले की गंजात वाटीभर भात उरलेला, टोपल्यात अर्धी पोळी, कढईत तळाशी तेलकट रस्सा. "अन्न फेकून कसं द्याचं व? पाप लागते." म्हणजे आई पथ्याचं जेवायच्या आणि वर घराचं उरलंसुरलंही जेवायच्या. पुढच्या तपासणीला शुगर वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टर त्यांना म्हणाले, "आजी, तुम्ही तोंड आवरत नाही." तोंड बिचारं काय करणार? ते घराची बरकत राखत होतं.

याच घरात त्याआधी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, बीपी निघालं होतं. तेव्हा वेगळा गंज आला नाही. साऱ्या घराच्या भाजीतलं मीठ एका दिवसात कमी झालं, पापड-लोणचं ताटातून उठलं, पोरानं कुरकूर केली तर त्याला गप्प बसवलं. मामाजींचं बीपी आटोक्यात आलं, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्याच पोटात मीठ कमी गेलं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या चमच्यानं जेमतेम एक चमचा, तोही सगळं धरून: भाजीतलं, भाकरीच्या पिठातलं, ठेच्यातलं, शेवेतलं. पुरुषाचं दुखणं घराचं होतं आणि बाईचं दुखणं तिचं एकटीचं, हे मी आधी कुठे वाचलं असतं तर मला भाषणबाजी वाटली असती. आमच्या चुलीवर ते रोज दिसत होतं.

"हे श्रीमंताचे रोग, आमाले काय होते" हे वाक्य गावात अजून ऐकू येतं. गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेनं ८६ गावांत माणसं कशानं मरतात ते शोधलं होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत वरचं कारण निघालं पक्षाघात. साधारण सात मृत्यूंमागे एक. साप नाही, मलेरिया नाही, लकवा. आणि लकव्याच्या मागे बहुतेकदा उभं असतं ते कधीच न मोजलेलं बीपी. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरातल्या पाहणीचे आकडे आले: १० कोटींच्या वर मधुमेही, आणि १३ कोटींच्या वर लोक उंबरठ्यावर. या उंबरठ्यावरच्यांत आमच्या गावातली सडपातळ माणसंही आहेत. आपल्याकडे मधुमेहाला ढेरी असावीच लागते असं नाही. हातपाय काटकुळे आणि चरबी फक्त पोटावर, अशी शरीरं आपल्याकडे पुष्कळ. म्हणून तर आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, तिशीनंतरच्या प्रत्येकाची कंबर टेपनं मोजतात. बायांची ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की त्यांच्या फॉर्मवर गुण वाढतात आणि त्या उपकेंद्रावर पिटाळतात. पुरुष टेपला फार लाजतात, हे जाता जाता.

कष्टाचा मुद्दाही आता पूर्वीसारखा राहिला नाही. निंदणाला बायांच्या रांगा लागायच्या, तिथे आता पाठीवर पंप घेऊन एक माणूस तणनाशक मारून जातो. नांगरणी ट्रॅक्टरची, पाणी मोटरीचं, बाजाराला मोटारसायकल. जेवण मात्र अजून बैलजोडीमागे दिवसभर चालणाऱ्या माणसाचंच आहे. भाताचा ढीग आणि त्याला भिजवण्यापुरतं वरण.

लोक म्हणतात, ज्वारी गेली आणि रोग आले. मीही हे पुष्कळदा म्हणते, आणि त्यातलं निम्मं खरं आहे. आमच्या भागात कापसाबरोबर ज्वारी असायचीच. माणसाला दाणा, जनावराला कडबा, मजुरीसुद्धा ज्वारीत. मग सोयाबीन आलं, भाव पडले, काढणीच्या वेळी पाऊस आला की कणसं काळी पडायची, उरलेलं रानडुकरं आणि पाखरं न्यायची. एकट्यानं ज्वारी पेरणं म्हणजे साऱ्या शिवारातल्या पाखरांना जेवायला बोलावणं. दुसरीकडे राशनचा गहू-तांदूळ. माणशी महिन्याला ५ किलो, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तर फुकट. भुकेल्या घराला याचा केवढा आधार झाला ते मी पाहिलं आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण फुकटचा तांदूळ घरात असताना विकतची ज्वारी कोण आणणार? रात्रीची भाकर गेली आणि भात आला तो असा.

आता दुसरं निम्मं. ज्वारी काही औषध नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटकांची कोष्टकं पाहिली तर शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू दहा ग्रॅमच्या आसपास, आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही जवळपास तेवढेच. कर्बोदकं दोन्हींत शंभरात पासष्टाच्या आसपास. म्हणजे ज्वारीच्या चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच. मागे पडतो तो पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ. त्यात तंतू तीन ग्रॅमसुद्धा नाहीत. मग जुन्या जेवणात चांगलं काय होतं? माझ्या मते दोन गोष्टी. एक तर थापलेली जाड भाकर दीडीच्या वर सहसा जात नाही, मऊ पोळ्या मात्र बोलता बोलता पाच होतात. दुसरं, भाकर कोरडी खाता येत नाही. तिला अंबाडी लागते, चून लागतं, चटणी लागते. भात नुसत्या पातळ रश्शावर भागतो. भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हा एका प्रदर्शनात मी ज्वारीची बिस्किटं खाल्ली होती. साखर, वनस्पती तूप आणि मध्ये कुठेतरी ज्वारी. तीन-चार खाल्ली असतील. चवीला छान होती.

आणि हे सगळं वर्धा जिल्ह्यात. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो वर्ध्याच्या मगनवाडीत. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, बैलघाणीचं तेल यांसाठी तिथे वर्षानुवर्षं काम चाललं. पॉलिश केलेल्या तांदळातून काय निघून जातं हे तेव्हापासून सांगून झालं आहे. आमच्या गावातून वर्ध्याला दिवसाला किती बसगाड्या जातात!

पण मला ज्वारीपेक्षा जास्त टोचते ती तूर. आमच्या कपाशीत तुरीची तासं असतात, विदर्भात सगळीकडेच असतात. अकोल्याच्या दाल मिलांना तूर जाते ती आमच्यासारख्यांच्याच वावरातून. आणि तूर पिकवणाऱ्याच्या घरचं वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसतो. तूर नगदी पीक झालं. पोती विकली जातात, मग लागेल तशी किलोभर डाळ दुकानातून येते. पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात धान्याचा वाटा निम्म्याखाली आणा आणि डाळी-कडधान्यं दिवसाला माणशी ८५ ग्रॅमच्या आसपास घ्या, असं आहे. मी हिशेब केला. आम्ही पाच माणसं, म्हणजे महिन्याला पावणेतेरा किलो डाळ. आमच्याकडे लागायची चारेक किलो. हा आकडा मामाजींना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आमच्या बापजाद्यायनं कधी तूर मोजून खाल्ली का?" नाही खाल्ली. त्यांच्या कणगीत होती, मोजायची वेळच आली नाही.

भाजीचंही तेच. पावसाच्या पहिल्या सरींनंतर तरोटा, मग कटुली, पुढे अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी, तीच सुकवून उन्हाळ्याला, आणि बारमाही नसला तरी उदार असा मुनगा, म्हणजे शेवगा. यातलं निम्मं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप यायचं. आता धुऱ्यावरही तणनाशक पडतं, आणि जिथे पडलं नाही तिथलीही भाजी खुडायची भीती वाटते. अंबाडीची भाजी म्हणजे ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ, वरून लसणाची फोडणी. एका गंजात धान्य, डाळ आणि पाला. आहारतज्ज्ञ ताटाचे भाग पाडून जे समजावतात ते आमच्याकडे एका पळीत यायचं.

तेलाबद्दल एक सांगते. तज्ज्ञ माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास तेल सांगतात, म्हणजे आम्हा पाचांना अडीच लिटर. पूर्वी पाव-अर्धा शेर तेल भांड्यात आणलं जायचं, आता पंधरा लिटरचा पिपा येतो. पिपा घरात असला की हात आपोआप सैल होतो. पाव्हणा आला आणि तर्री दिसली नाही तर आमच्याकडे अपमान समजतात. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल चांगलं की सोयाबीनचं, यावर बाया ओट्यावर तासभर बोलतील, पण किती, यावर कोणी बोलत नाही. जवस मात्र मी कुणालाही आग्रहानं देईन. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं आणि ते आपल्या जेवणात दुसरीकडून फार कमी येतं. भाजून कुटलेली चटणी ताजी खावी. महिनोन्महिने ठेवली की खवट होते.

चहा हा वेगळाच विषय. माझ्या घरी कमी साखरेचा झाला, पण वावरात, शेजारी, बँकेत, सोसायटीत, मयताच्या घरी, जिथे जाल तिथे अर्धा कप गोड पाक. साखर दिवसाला पाच-सहा चमच्यांच्या आत ठेवावी म्हणतात, ती दुपारीच संपते.

उपासाबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आईंचे सोमवार, एकादशी, महाशिवरात्र, नवरात्राचे नऊ दिवस, सगळं असतं. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला जोर देऊन इन्शुलिन काढायला लावतात. ग्लिमेपिराइड त्यातली, आमच्याकडच्या चिठ्ठ्यांवर सर्रास असते. ती सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत पोटात काही नाही, तर शुगर खाली घसरते. एका एकादशीला आई देवघरासमोर बसल्या बसल्या घामानं भिजल्या, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. घरात कुणी म्हणालं अंगात आलं. नशीब की आशाताई समोरच राहतात. त्यांनी धावत येऊन यंत्रावर बोट टोचलं, आकडा सत्तरच्या बराच खाली होता. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं आणि मग जेवायला घातलं. त्या दिवशी साखरच औषध होती. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हेही त्यांनी तिथेच सगळ्यांना ऐकवलं.

आणि उपास सुटेपर्यंत जे चालतं तेही उलट्याच टोकाचं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन नावालाही नाही. त्याची ताटभर उसळ, वर तळलेला आलू, वर रताळ्याची खीर. सकाळी शुगर पाताळात, संध्याकाळी आभाळात. उपास सोडा म्हणणं मला पटत नाही. आईंना तर ते ऐकूनच शुगर वाढेल. आम्ही डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवशीची गोळी बदलून घेतली, साबुदाण्याऐवजी भगर, ताक, फल्लीदाण्याची आमटी आणि काकडी असं केलं, आणि मधे उपाशी राहायचं नाही असं ठरलं. देवाची काही तक्रार आली नाही.

आठवडी बाजारात एक माणूस डब्यातली हिरवी पूड विकतो, शुगर मुळासकट जाते म्हणून. त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी नाही. गावातल्या एका गृहस्थानं पूड सुरू केली आणि गोळ्या बंद केल्या. पाय बधिर होते, चप्पल घासून झालेली जखम त्यांना दुखलीच नाही, आणि शेवटी दोन बोटं कापावी लागली. मी जेवणावर एवढं लिहिते आहे म्हणून कुणी असं समजू नये की मी गोळ्यांच्या विरोधात आहे. कारलं, मेथ्या खुशाल खा, भाजी म्हणून खा. आणि किडनीवर परिणाम झालेला असेल तर फळं, नारळपाणी, कमी सोडियमचं मीठ यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्यातलं पोटॅशियम अशा माणसाला बाधतं.

पंगतीचा प्रश्न मी सोडून दिला आहे. सप्ताहाचा महाप्रसाद, तेरवी, लग्न, सगळीकडे पोळी, वांगं-आलूची भाजी, वरण-भात आणि बुंदी, आणि वाढणारा हात कधी ऐकत नाही. आई आता बुंदीचा प्रसाद म्हणून एक घास घेतात, भाजी-वरण दोनदा मागतात आणि जेवण झालं की मांडवाला चार फेऱ्या मारतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. लोकांना वाटतं म्हातारी कुणाला शोधते आहे.

घरात शेवटी काय बदललं, तर तो वेगळा गंज उतरवला. आईंसाठी जे शिजायचं ते सगळ्यांसाठी शिजायला लागलं, पण बेचव नाही. फोडणी आहे, तेल अर्ध्यावर आलं आहे. वरण दाट झालं, भात एकाच वेळी आणि तो वाटीनं, रात्रीची भाकर परत आली, निदान विकतच्या ज्वारीची. आधी भाजी-वरण, मग भाकर. पोरानं सुरुवातीला पानठेल्यावर जाऊन आलुबोंडे खाऊन निषेध नोंदवला. (तिथला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, सुटला असता तर मी आलुबोंडे माफ केले असते.) आणि सगळ्यात जड गेलेली गोष्ट: आई सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसतात. त्यासाठी आईंनाच जास्त समजवावं लागलं. नवऱ्याच्या आधी नाही, पण बरोबर, एवढ्यावर त्या आल्या. उरलेलं आता गाईला जातं. तीन महिन्यांच्या सरासरीची ती तपासणी, एचबीए१सी, नवाच्या वर होती ती साडेसातच्या जवळ आली. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि पंगतीचा किती, ते वेगळं काढता येत नाही. मामाजींचं पोटही कमी झालं, पण ते त्यांना मान्य नाही.

आता भांडण तुरीचं आहे. भरडल्यावर डाळ साधारण सत्तर टक्के पडते. वर्षाची दीडशे किलो डाळ धरली तर सव्वादोन क्विंटल तूर घरात ठेवायला हवी. मामाजींना हे ऐकून चक्कर आली. तेवढ्या पैशात खताचा हप्ता जातो म्हणतात, आणि ते खोटं नाही. हरभरा, मूग, बरबटी (चवळी) मिळून थोडं भागेल असं मी मान्य केलं. ते एका क्विंटलवर आले आहेत. मी पावणेदोनवर अडून बसले आहे. व्यापारी संक्रांतीनंतर येतो, तोवर वेळ आहे.